अक्कांच्या फिल्मला दाखला मिळेना

मंडळी, आज तिसऱ्यांदा साक्रीहून धुळ्याला गेलो आणि हात हलवत परत निघालोय.

आमच्या गावच्या अक्का पेरणीआधी बियाणं कसं तपासायचं ते दाखवतात, अशी एक फिल्म मी शाळांसाठी बनवलीय. परदेशातल्या एका शाळेला तिचे पेनड्राईव्ह हवेत. 'हे शैक्षणिक साहित्य आहे' असा सरकारी दाखला जोडला, की तिकडे सीमाशुल्क लागत नाही. त्या दाखल्यासाठी आधी धुळ्याच्या कार्यालयाची शिफारस लागते. एवढंच काम.

तिथल्या साहेबांनी फिल्म लावली. अक्का ओल्या गोणपाटावर ज्वारीचे दाणे मांडत सांगत होत्या, "बियानले आधी इचारानं, मंग पेरानं."

"बाईंचं शिक्षण किती?" साहेबांनी विचारलं.

"शाळेत गेल्या नाहीत, साहेब."

त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण फिल्म काही बंद केली नाही. उलट मागे नेऊन अक्का दाण्यांसकट गोणपाटाची गुंडाळी करतात, ते पुन्हा बघितलं.

"ही गुंडाळी किती दिवस ठेवायची हो? गावी आमचीपण ज्वारी असते. मागच्या वर्षी निम्मी उगवलीच नाही."

मी सांगत गेलो. त्यांनी सगळं एका चिठ्ठीवर नीट उतरवून घेतलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

मग माझ्या अर्जावर शेरा मारला, 'शैक्षणिक मूल्य स्पष्ट होत नाही.'

एसटीत येऊन बसलो. अक्का दारातच विचारतील, काय झालं म्हणून.

तुम्हीच सांगा, साहेबांच्या खिशात गेलं ते काय होतं?