टोमॅटोवरचं आच्छादन

तुमच्या डोक्यावरचं छप्पर नेमकं कोणाच्या नावावर आहे? घाईने उत्तर देऊ नका. मी दिलं होतं, अजून पस्तावते आहे. ओळख झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला हा प्रश्न विचारणारी बाई साऱ्या युरोपात एकच असणार, आणि ती नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या कडेला भाजीच्या वाफ्यांमध्ये माझी शेजारीण होती. इथे पालिकेच्या जमिनीवर हौशी लोकांना भाजीपाल्यासाठी छोटे छोटे तुकडे मिळतात. एका तुकड्यावर मी संशोधनातून वेळ काढून कोथिंबीर मारत असे. शेजारच्या तुकड्यावर, टोमॅटोच्या चार झाडांमागे, मावशींनी चक्क तंबू ठोकला होता. बकऱ्याच्या कातड्यांचा, विटकरी रंगाचा, इतक्या ठिकाणी शिवलेला की मूळ कातडं कुठलं आणि ठिगळ कुठलं हे कळू नये. राहायला त्या मुलीकडे होत्या, पण दिवस तंबूत काढत.

मावशी हे मी दिलेलं नाव. त्या तुआरेग, म्हणजे सहारा वाळवंटात उंट-बकऱ्यांमागे फिरणाऱ्या लोकांतल्या, नायजर देशाच्या उत्तरेकडच्या. आम्हा दोघींची डच सारखीच मोडकी, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. "घरमालकाच्या नावावर," असं मी त्या पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "म्हणजे तू पाहुणी. बस, चहा घे."

त्यांच्याकडे चहा तीन पेले. पहिला कडू, मग त्याच पानांवर पुन्हा साखर-पाणी घालून दुसरा, मग तिसरा. त्याआधी विचारपूस. तुझी तब्येत कशी, थकवा कसा, थंडी कशी, आईची थंडी कशी (माझी आई साताऱ्याला, मे महिन्यात), आणि शेवटी, "सायकल कशी आहे? फार दमवत नाहीस ना तिला?" स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक त्या दोरीने बांधून ठेवत, उंटाचे पुढचे पाय बांधतात तसं. कुलूप लावा म्हटलं तर म्हणत, "कुलूप चोरासाठी. दोरी सायकलसाठी." पाऊस आला की सगळं लायडन शिव्या घालत आडोशाला पळे आणि मावशी तंबूतून बाहेर येऊन बसत. लहानपणीच्या दुष्काळात त्यांच्या घरचा सगळा कळप गेला होता. पावसाला पाठ दाखवणं त्यांना उद्धटपणा वाटे. त्यांच्या लोकांत चेहरा पुरुष झाकतात, बायका नाही. त्यामुळे कालव्याकाठी तोंड उघडं टाकून धावणारे डच पुरुष पाहून त्या मान फिरवत. वाफेकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त आणि अतिशय लाजाळू गृहस्थ, त्यांना तर मावशींनी निळा फडकाच दिला होता. ते बिचारे हिवाळाभर नाकापर्यंत गुंडाळून फिरत आणि रोज चहाला येत.

आता माझं सांगते. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी कपड्यांच्या घड्या घालायच्या आधी मला पत्रकांच्या घड्या घालता येत होत्या. अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो, आणि दिसला नाही तर मी थोडं थांबून पाहते. मावशी मला "कागदवाली" म्हणत. मी पहिला पेला घशाखाली ढकलायचे, दोन टिपणं घ्यायचे आणि पळायचे. "अगं, अजून दोन आहेत," त्या मागून ओरडत. "मावशी, क्रांती थांबत नाही!" मी सायकलवरून सांगायचे. "मग तिलाही घेऊन ये. पेले आहेत."

मंडळाच्या नियमांत तंबू बसत नाही, हे मला या उन्हाळ्यात कळलं. झालं. दोन दिवसांत मी पत्रक काढलं: 'भटक्यांच्या तंबूला जागा द्या!' वर तंबूचं चित्र. खाली कळकळीची दोन पानं, ज्यात मी तुआरेग समाजाला 'सरहद्दी न मानणारा, मालक आणि गुलाम न जाणणारा मुक्त समाज' म्हटलं होतं. पत्ता चुकू नये म्हणून वाफ्याचा क्रमांकही घातला. फाटकावर चिकटवून मग मावशींना वाचून दाखवलं.

त्या 'गुलाम न जाणणारा'पाशी थांबल्या. "माझ्या आजीने आयुष्यात कधी पाणी भरलं नाही," त्या म्हणाल्या. "मग कोणी भरलं, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. जातीवरची पत्रकं वाचत मोठी झालेली मी, आणि वाळवंट दिसताच मला सगळे समान दिसू लागले होते.

"विकत घेतलेल्या बाईने भरलं," मावशी म्हणाल्या. "तिची नात माझ्या वर्गात होती. माझ्याशी बोलायची नाही. बरोबरच होतं तिचं. हे लिही."

ते लिहायला वेळच मिळाला नाही. संध्याकाळच्या आत अध्यक्ष आले. फडका नाकावर, नजर जमिनीवर.

"तीन उन्हाळे मी तपासणीच्या वहीत 'टोमॅटोवरचं आच्छादन' लिहितो आहे," ते मला म्हणाले. "आच्छादनाला परवानगी आहे. तू फाटकावर 'तंबू' लिहिलंस. चित्रही काढलंस. चांगलं काढलंस. लोक पत्रक घेऊन माझ्याकडे आले. आता शनिवारपर्यंत उतरवावा लागेल."

मी निषेधाचं दुसरं पत्रक काढते म्हणाले. दोघे एकदम "नको!" म्हणाले.

त्या दिवशी लाजेने मी उठू शकले नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिसरा पेला प्याले. तो गोड असतो, आणि त्याच्यासोबत मावशी खरं बोलतात. त्यांच्याकडे तंबू बाईचा. मुलीचं लग्न ठरलं की आई आपल्या तंबूतला तुकडा देते, त्याभोवती नवा शिवला जातो. नवराबायकोचं बिनसलं तर बाहेर नवरा जातो. मावशींचा नवरा शहरात गेला, त्याने सिमेंटचं घर बांधलं. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. मग बिनसलं, आणि घर त्याचं होतं. मावशी बाहेर पडल्या त्या कडेवर मुलगी आणि डोक्यावर तंबू घेऊन.

ती मुलगी आता इथल्या प्रयोगशाळेत काम करते आणि सप्टेंबरात लग्न करते आहे. तिचा तुकडा तिथेच, टोमॅटोच्या मागे, उन्हात मऊ होत होता. मी ज्याला चळवळ समजले होते ते एका आईचं शिवणकाम होतं.

शनिवारी मुलगी आली. आईची भाषा तिला समजते, उत्तर डचमध्ये देते. मावशींच्या वाक्यांचा अर्थ त्यांनी मला नंतर सांगितला.

"आई, फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे. चौथा मजला. तंबू कुठे लावू?"

"भांडण झालं तर कोण बाहेर जाईल?"

"आम्ही नाही भांडणार."

"तंबू भांडणासाठी नसतो. भांडण संपेपर्यंत बसायला असतो."

मावशींनी एकटीने, चहाला उकळी येईपर्यंत, सगळा तंबू उतरवला. मी मदतीच्या नावाखाली एका दोरीत अडकून उभी होते. मग त्यांनी सुरी घेतली आणि मधोमध फाडला. त्या आवाजाने मुलगी पुढे झाली, कातड्याच्या कडेवर हात फिरवला आणि पिशवीतून मोजपट्टी काढली. "बाल्कनी अडीच मीटर आहे," ती म्हणाली. यावेळी डचमध्ये नाही, पण 'बाल्कनी' आणि मोजपट्टी आम्हालाही कळली.

अध्यक्ष फडक्याआडून पुटपुटले, "बाल्कनीत टोमॅटोची दोन झाडं मात्र ठेवा."

आता शेजारी नुसते टोमॅटो आहेत आणि गवतावर एक फिकट चौकोन, जो पावसाने हळूहळू हिरवा होतो आहे. मला तो तसा हिरवा होऊ नये असं वाटतं, पण पावसाविरुद्ध पत्रक काढायला मावशी परवानगी देणार नाहीत. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते, तिन्ही पेले पिते आणि शिवते. अडचण एकच: इथल्या दुकानातल्या सुया त्या जुन्या कातड्यात मोडतात.

म्हणून विनंती. तुमच्यापैकी कोणी सप्टेंबरच्या आत इकडे येणार असेल, तर गोणी शिवायचं एक दाभण घेऊन या. विमानात हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत ठेवा. आणि कशासाठी असं कोणी विचारलंच, तर कृपा करून एवढंच सांगा: टोमॅटोसाठी.