नरसीच्या भिंतीवरची कोरडी नदी

निसर्गाची हुबेहूब नक्कल करणे हे आरशाचे काम. चित्रकाराने केवळ संकेत करावा, या सिद्धान्तावर मी वीस वर्षे अर्धपोटी निष्ठा ठेवून आहे. म्हणून नरसीच्या भगवानशेठांनी आपल्या नव्या धर्मशाळेच्या ओसरीवर कयाधू नदी रंगवण्यास पाचारण केले, तेव्हा मी वैशाखाची पर्वा न करता रंगपेटी आवळली.

परभणीहून हिंगोलीपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. गाडीवान निजामी हाली नाण्यात बारा आणे घेतो आणि तेवढ्यात प्रवाशाच्या अस्थींची पुनर्रचनाही करून देतो. पहाटे निघालेल्यास दुपारी नरसी दिसते. जाणाऱ्यांनी पाण्याची सुरई अवश्य न्यावी. वाटेत भाकरी आणि ठेचा मिळतो, मात्र तो ठेचा शमवण्यास जल मिळेलच असे नाही.

कयाधूत पाणी सोडून सर्व काही होते. वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून, म्हणजे झिऱ्यातून, बायका वाटीवाटीने घागरी भरीत होत्या. मला प्रतीक गवसले. तीन दिवसांत मी अवघी भिंत वाळूच्या रंगाने व्यापली आणि रचनाशास्त्रास अनुसरून मधोमध एकच ओलसर काळे वर्तुळ काढले.

शेठ भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले.

"मास्तर, नदी कुठं हाय?"

"हीच."

"हंस न्हाई, कमळ न्हाई. लढाईपायी निळा रंग महागला म्हून वाचवून राहिले का?"

"नदी पाण्यात नसते, शेठ. तृष्णेत असते."

"तहान तर पाव्हणे घरूनच घेऊन येतेत. असदचाचा, चुना भिजवा."

असदचाचा हे गावचे गवंडी. ते बादली घेऊन आले, तोच मी भिंतीला पाठ लावून बसलो. या कृतीस ब्रिटिश मुलखात एक प्रतिष्ठित नाव आहे. निजामाच्या राज्यात ते उच्चारणे प्रकृतीस मानवत नाही, म्हणून नुसताच बसलो.

चाचा शेजारी टेकले. "किती दिस बसनार, मास्तर?"

"शेठ थकेपर्यंत."

"मंग मी जेवून येतो."

दुसऱ्या दुपारी राहीबाई नावाची वृद्धा भरली घागर घेऊन ओसरीच्या सावलीला आली. भिंत न्याहाळून म्हणाली, "हा झिरा कोन्या येड्यानं उकरला?"

शेठांनी आनंदाने माझ्याकडे बोट दाखवले.

"मधी वाळू लई दाट, बाबा. कंबरभर उकरलं तरी घागर भरत न्हाई. काठाला, खडकापाशी उकरावं."

वीस वर्षांत माझे प्रतीक प्रथमच कोणाला तरी कळले होते, आणि कळताक्षणीच चुकले होते. मी उठलो, वर्तुळ खरवडले आणि राहीबाई दाखवील तिथे, डाव्या काठाशी, नव्याने काढू लागलो. रचनाशास्त्र रसातळाला गेले. चाचांच्या बादलीपुढे भिंत आता मोकळी होती. पण शेठच पुढे आले.

"आजून थोडं खाली घ्या," ते हळूच म्हणाले. "आमची माय तिथं उकरायची."

मी खाली घेतले. चाचांनी भिजलेला चुना ओसरीच्या खांबांना लावला.

घरी परतल्यावर माझ्या 'पर्जन्य' या चित्रापुढे उभा राहिलो. तीन तिरप्या रेषा. त्यांवर मी व्याख्याने दिली आहेत. हा पाऊस नेमका कोणाच्या शिवारात पडतो आहे, हे मला सांगता येईना. सिद्धान्त मी सोडलेला नाही. चित्र मात्र खिळ्यावरून उतरवले आहे.