पाहुण्यांचा परिचय

"तुमच्या वाड्यातलं शहाणपण दाराबाहेर ठेवून ये, मग वर्गात बस."

नगरच्या कॉलेजात, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, सर मला भर वर्गात हे म्हणाले. तास महागाईचा होता. किमती वाढल्या की महागाई, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी उभी राहिले. म्हटलं, सर, किंमत न वाढताही महागाई होते. आमच्या भिंगारात बिस्किटाचा पुडा मिळतो, त्याची किंमत तीच आहे, पण आतली बिस्किटं कमी झालीत. ती महागाई कुठं धरायची?

वर्ग खो खो हसला. सरांच्या घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, आणि बौद्धवाड्यातली पोरगी त्यांना बिस्किटाचा पुडा दाखवतेय. त्यांनी खडू खाली ठेवला आणि शांतपणे ते वाक्य टाकलं.

आणि मी गेले की बाहेर! कुणी ढकललं नाही, हाताला धरलं नाही. आपल्या पायांनी गेले आणि तास संपेपर्यंत दाराबाहेरच्या फरशीवर उभी राहिले. सरांपेक्षा त्या पायांचा मला जास्त राग येतो. अजून येतो.

ते शहाणपण माझं नव्हतंच, आईचं होतं. आई लष्कराच्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी करायची. आठवड्याला एक पुडा आणायची. आम्ही चार भावंडं, बारा बिस्किटं, प्रत्येकाला तीन. एकदा वाटणी जमेना. दहाच निघाली. आम्ही एकमेकांवर आळ घेऊन झिंज्या ओढायला लागलो. पुढच्या आठवड्याचा पुडा आईनं स्वतः फोडला. त्यातही दहाच.

"माझी पोरं चोर न्हाईत," ती म्हणाली. "भाव तेवढाच ठिवून आतला माल काढलाय. चोर दुसराच हाय."

बाहेर उभी राहिले त्या संध्याकाळी घरी येऊन मी रडले. आईनं जवळ घेतलं नाही. भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "भाईर उभं ऱ्हायाला तुला कालेजात घातलं न्हाई. उद्या म्होरल्या बाकावर बस."

बसले. दोन वर्षं, सरांच्या नाकासमोर. पुढं पुण्यात पीएच.डी., मग मुंबईला, देशाचं चलन सांभाळणाऱ्या बँकेत संशोधनाची नोकरी. भाव हलत नाही पण माप घटतं, ती महागाई मोजायची कशी, याची रीत मी बसवली. भल्याभल्यांनी नाकं मुरडली. आज व्याजदर ठरवणाऱ्या समितीत मी बसते आणि माझी रीत परदेशातही शिकवतात.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजात माझा सत्कार होता. आई पहिल्या रांगेत. पाहुण्यांचा परिचय करून द्यायला तेच सर, आता निवृत्त झालेले. कागद न बघता बोलले, छान बोलले. शेवटी म्हणाले, "बिस्किटाच्या पुड्याचा हा विचार मॅडमना माझ्याच तासाला सुचला. बीज मी पेरलं, याचा अभिमान वाटतो."

टाळ्या पडल्या. आईचे हात मांडीवरच होते. ती माझ्याकडं बघत होती. गप्प बसले असते तर कार्यक्रम गोड झाला असता.

उठले. माईकपाशी गेले. "सर, परिचय चुकलाय," म्हटलं. "मी दुरुस्त करते."

आणि सगळं सांगितलं. त्यांचं वाक्य, जसंच्या तसं. फरशी. दहा बिस्किटं. मग आईकडं बोट करून सांगितलं, विचार हिचा आहे.

चहाच्या वेळी सर जवळ आले. इतक्या वर्षांचं मनात ठेवलंत, म्हणाले, मोठ्या माणसानं सोडून द्यायचं असतं.

"मी सोडणार नाही, सर."

आता आमंत्रण आलं की मी एकच अट कळवते. माझा परिचय मी करून देणार, आणि तो त्या दाराबाहेरच्या फरशीपासून सुरू होणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी दुसरा पाहुणा बघावा.