भिंतीकडे तोंड करून

“आई, ही बघ ती बाई. कॉम्प्युटरवरची. भिंतीकडे तोंड करून वाटी घेऊन बसते ती.”

मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. मालकांची नात. त्यांचा मुलगा, सून सगळे पुण्याहून आले होते. गणपतीपुळ्याला दर्शन करून परत जाताना काजूच्या कारखान्यात प्रसाद वाटायला थांबले. आम्ही बायका रांगेत उभ्या. सुनेने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि तेवढ्यात मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं.

“असं बोट दाखवू नये. मावशी म्हण,” सून म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. ओळख असल्यासारखी. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

पेढा खाल्ला. चव आठवत नाही.

दोन हजार आठचं साल असेल. माझा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. नवरा मुंबईला, बाळ सासूजवळ. सकाळच्या एसटीने मी रत्नागिरीला यायची आणि दिवसभर काजू फोडायची. टरफलातल्या तेलाने हात भाजतात, त्याची सवय होते. दुधाची होत नाही. दुपारपर्यंत छाती दगड झालेली असायची. मग जेवणाच्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून मी दूध वाटीत पिळायची आणि मोरीत ओतायची. बाकीच्या बायका आडोसा म्हणून माझ्या पाठीशी बसून जेवायच्या. दाराला कडी घातलेली असायची. एवढं पुरे, असं आम्हाला वाटायचं.

कॅमेरा होता की. माझ्या डोक्यावर, तुळईला. मालक म्हणाले होते, “काजूगर चोरीला जातात. उगाच तुमच्यावर आळ नको, म्हणून बसवले हो.” तार त्यांच्या केबिनमध्ये जायची आणि केबिनला दिवसभर कुलूप. मग बघतंय कोण? इंटरनेट म्हणजे स्टँडजवळच्या सायबर कॅफेत पोरं करतात ते, एवढंच आम्हाला ठाऊक. आमची जेवणाची खोली तारेतून पुण्याला जाते, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

प्रसाद वाटून पुण्याची मंडळी गाडीत बसायला गेली. मी मालकांना विचारलं, पोरीने मला कुठे बघितलं?

“अगो, मुलगा तिकडून लक्ष ठेवतो,” ते म्हणाले. “दुपारी जेवताना लॅपटॉप उघडा असतो. पोरगी बघते. घरातलीच माणसं. त्यात काय एवढं?”

“ते साठवून ठेवता?”

“छे. आपोआप पुसलं जातं.” मग म्हणाले, “मला वाटतं.”

मला राग आला नाही. रडू आलं नाही. मी जाऊन यंत्रावर बसले आणि काजू फोडले. अंग आपलं नसल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी घरी गेले. बाळाला पाजायला घेतलं. सासू चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं आणि विचारलं, “घरात कुणापासून लपत्येस गो?”

मी माझ्याच घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते.

तेव्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्टुलावर चढले आणि डब्याचं फडकं कॅमेऱ्याला बांधलं. थोड्याच वेळात बाहेरचा फोन वाजला. मुकादमीण उठायच्या आत मी उचलला. पुण्याहून मालकांचा मुलगा होता.

“जेवणाच्या खोलीतला कॅमेरा बिघडलाय का?”

“बिघडला नाय. मी झाकलाय.”

“कोण बोलतंय?”

“तुम्ही जेवताना जिला बघता, ती.”

मग म्हणाला, “बाबांना फोन द्या.”

मुकादमीण म्हणाली, “माफी माग गो. पोटावर पाय येईल.” आला. संध्याकाळी कामावरून काढलं. माफी मागितली नाही. फडकं सोडायला मात्र त्या दिवशी एकही बाई उठली नाही, हे मी जाताना पाहिलं.

पुढे दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथेही कॅमेरे. पहिल्याच दिवशी विचारलं, कोण बघतं, कुठे बसून बघतं, किती दिवस ठेवतं. “कामाला आलीस की चौकशीला?” तिथले मालक म्हणाले. मी बसले नाही. उत्तर मिळेपर्यंत उभीच राहिले.

पुण्याच्या त्या यंत्रातून मी पुसली गेले का, मला आजही माहीत नाही. तिथल्या माणसांनाही नसेल. आता मला कोणाला बघायचं असेल, तर त्याने आधी माझ्यासमोर यावं, आपलं नाव सांगावं आणि मला विचारावं.

मी नाही म्हणणार आहे.