ज्ञानोबा ड्रायव्हरचं ग्राफिक्स कार्ड

सकाळी दहाला जेवून, डोक्यावर टोपी ठेवून ज्ञानोबा मुलाच्या खोलीत शिरले की रुक्मिणबाई ओळखायच्या, गाडी सुटायची वेळ झाली. बावीस वर्षं ज्ञानोबांनी लातूर–नांदेड रस्त्यावर एका ट्रॅव्हल्सची बस चालवली होती. आता ती बस हनुमंताच्या जुन्या कॉम्प्युटरवर धावत होती. हनुमंत म्हणजे त्यांचा मुलगा. इंजिनिअरिंगला असताना गेम खेळायला म्हणून त्याने हट्टाने हा कॉम्प्युटर घेतला, नोकरीला पुण्याला जाताना तो मागे ठेवला आणि बाबांना करमत नाही म्हणून त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला. कुणा हौशी माणसाने त्या गेमसाठी आपल्याच भागातले रस्ते बनवले होते. हनुमंताने तेही भरले आणि टेबलाला आवळून बसवायचं एक स्टिअरिंग पाठवून दिलं.

हा खेळ आहे असं ज्ञानोबांना कुणी सांगून बघावं! बटण दाबल्यावर ते कॉम्प्युटर पाच मिनिटं गरम होऊ देत. चाकूरला सात मिनिटांचा थांबा म्हणजे सात मिनिटंच, तेवढ्यात रुक्मिणबाईंनी चहा आणायचा. त्या शेजारच्या खुर्चीत शेंगा फोडत बसत आणि त्यांनी "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. बावीस वर्षांत नवऱ्याच्या गाडीत त्या मोजून चार वेळा बसल्या होत्या. आता रोज बसत होत्या, आणि त्यांना ते मनापासून आवडत होतं.

दिवाळीनंतर गाडी कुरकुरायला लागली. चित्र झटके देई, आतला पंखा गिरणीसारखा घरघरे. आणि धुकं! "समोरचं कायबी नीट दिसंना झालंय," ज्ञानोबा फोनवर मुलाला म्हणाले.

"बाबा, त्यातलं ग्राफिक्स कार्ड नऊ वर्षांचं झालंय. चित्र तेच काढतंय. बदलून टाका."

"म्हंजी इंजिनच की."

"हाव, इंजिनच समजा."

"मग इंजिन बदलल्यावर गाडी आपली कशी म्हणायची?"

तीन आठवडे ज्ञानोबांचं हो-नाही चाललं. एक दिवस म्हणत, बदलू. दुसऱ्या दिवशी म्हणत, चालतंय तवर चालवू. रुक्मिणबाईंनी दोनदा हळूच सुचवून पाहिलं की कार्डाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ, तर त्यांनी असं तोंड फिरवलं की बाईंनी विषयच सोडला.

त्याचं कारण त्या दोघांनाच माहीत होतं. ट्रॅव्हल्सचा मालक दरवर्षी ड्रायव्हरांचे डोळे तपासून घेई. शेवटच्या वर्षी ज्ञानोबा मुद्दाम रांगेत मागे उभे राहिले, पुढच्यांनी वाचलेली अक्षरं ऐकून ऐकून पाठ केली आणि आपली पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवली. पास झाले. तीन महिन्यांनी समोरचा एक सायकलवाला त्यांना दिसलाच नाही; शेजारचा क्लीनर ओरडला म्हणून ऐनवेळी ब्रेक लागला आणि गाडी रस्त्यात आडवी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ज्ञानोबांनी त्याच दिवशी किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि कंबर दुखते म्हणून सांगितलं. त्यानंतर वर्षभर हा माणूस ओट्यावर बसून नुसता जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. पुन्हा डॉक्टरसमोर बसायचं आणि पुन्हा गाडीवरून उतरायचं, हे त्यांना नको होतं.

शेवटी हनुमंतानेच आपला जुना मित्र शिवप्पा याला पाठवलं. शिवप्पा मूळचा उदगीरचा, लातुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा, गप्पिष्ट पण कामाला चोख. त्याने सोबत एक नवं कार्ड आणलं होतं. "काका, लावून बघा. चालवून बघा. पटलं तर ठिवा, न्हाईतर मी परत नेतो."

ज्ञानोबांनी कॉम्प्युटरला हात जोडले. शिवप्पाने बाजूचं झाकण काढलं, कार्ड बदललं आणि रस्त्यांचा नवा नकाशाही भरून दिला. गाडी सुटली ती लोण्यासारखी. ना झटका, ना घरघर. चाकूर आलं, चहा झाला, रुक्मिणबाई "जाऊ द्या" म्हणाल्या. ज्ञानोबांच्या मिशीत हसू मावेना.

"कसं हाय, काका?"

"झकास! पण शिवप्पा, धुकं काई गेलं न्हाई."

"कसलं धुकं? गेममध्ये ऊन पडलंय की लख्ख."

ज्ञानोबा गाडी पुढे हाणत राहिले. रस्त्याकडेला एक पिवळी पाटी आली. रुक्मिणबाईंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "आवं, काय लिव्हलंय त्या पाटीवर?"

"अहमदपूर बारा किलोमीटर," ज्ञानोबा रुबाबात म्हणाले. त्या जागी आजवर कायम तीच पाटी असायची. ते मान न वळवता सरळ गेले.

शिवप्पा ओरडेपर्यंत उशीर झाला. नव्या नकाशात त्या जागी लिहिलं होतं, "पुढे पुलाचे काम चालू, रस्ता बंद." बस अडथळे तोडून खड्ड्यात गेली आणि स्टिअरिंगला जोराचा हिसका बसला. कोपऱ्यात लाल अक्षरं आली. ती ज्ञानोबांना वाचता आली नाहीत.

"काय म्हणतंय ते?" त्यांनी विचारलं.

शिवप्पा चाचरला. "काई न्हाई काका, खेळ हाय. परत सुरू करू."

"वाच."

"अपघात. चाळीस प्रवासी."

ज्ञानोबांचे हात स्टिअरिंगवरच होते. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीने एक माणूस दुखावला नव्हता. खोट्या गाडीतली ती खोटी माणसं होती, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांना रडू आलं, आणि परक्या पोरासमोर ते त्यांनी लपवलंही नाही.

"नवं कार्ड काढ," डोळे पुसून ते म्हणाले. "त्याचा काई दोष न्हाई. पण आत्ता त्याचा उपयोग न्हाई."

"दुकानात बाजूला काढून ठिवतो, काका. कुणाला देत न्हाई," शिवप्पा म्हणाला. रुक्मिणबाई उठल्या आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

चौथ्या दिवशी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आत शिरताना ज्ञानोबांनी बायकोचा हात धरला होता, लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच. त्यांच्या पुढे दोन माणसं होती आणि तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्या दोघांनी वाचलेली अक्षरं बाकावर स्वच्छ ऐकू आली. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला.

ज्ञानोबांनी तिकडे पाहिलं. खरं म्हणजे पाहायची गरजच नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "दुसरा तक्ता असंल तर लावा. ह्यो माझा पाठ झालाय."