वाटूरच्या मशीनची पोच

मी चौथी शिकलेली. अंगात आलेल्या बायांना तोंडावर "नाटकं बंद कर" म्हणणारी. तरी हे घडलं, आणि मी तिथंच बसले होते...

माझी मुलगी सुनंदा जालन्यात एका दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळते. पेशंटची माहिती दोन मशीनवर राहते — एक जुनं जालन्यात, दुसरं वाटूरच्या शाखेत. इथं लिहिलेलं तिथं पोचून पोच परत आली, तरच पडद्यावर 'जतन झाले' येतं. मी म्हटलं, "आपल्या गल्लीसारखंच की! कालवणाची वाटी साखर घेऊन परत आली, की समजायचं पोचलं."

गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण कौसा सुजलेल्या पायामुळं त्याच दवाखान्यात होती. एका दुपारी सुनंदा वाटूरला मशीन दुसऱ्या कपाटात हलवायला गेली, मीही सोबत. तिनं मशीन बंद केलं, वायरी काढून माझ्या मांडीवर ठेवल्या.

"जालन्यात सांगितलंस का गं?"

"पाच मिनिटांचं काम हाय, आई. सगळे जेवून राह्यलेत."

चूक तिचीच. पाचाची वीस मिनिटं झाली.

नेमकं तेव्हाच जालन्यात एका इंजेक्शननं कौसाच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. सिस्टरनं कॉम्प्युटरवर लिहिलं — हे औषध पुन्हा देऊ नये. 'जतन झाले' आलं. ती ड्युटी संपवून गेली आणि तासाभरानं जालन्याचं मशीन जळालं.

संध्याकाळी नव्या डॉक्टरांनी तेच इंजेक्शन भरलं. कौसा ग्लानीत. नव्या सिस्टरनं वाटूरच्या मशीनवरची माहिती उघडली — लाल अक्षरं! "थांबा सर!"

कौसा वाचली.

सुनंदानं मागाहून तपासलं. नोंदीची वेळ एक वीस. वाटूरचं मशीन एक दहा ते दीड बंद. तिच्या साहेबांनी घड्याळंही पडताळली, बराबर होती.

"आई, बंद मशीननं पोच दिली कशी?"

"मला काय इचारती? वायरी माझ्या मांडीवर व्हत्या."

कौसा म्हणते, "यमाचीच लाईट गेल्ती."

पुढच्या खेपेला मी वाटूरला गेले, ते साखरेची वाटी घेऊन. मशीनच्या कपाटावर ठेवली. सुनंदा ओरडली, "आई, मुंग्या लागतील!"

लागू देत. कुणाची वाटी ते माहीत नाही, पण रिकामी परत करायची रीत आमच्यात नाही.