तिचं लॉगिन

खंडेनवमी, १९८७. दुपारच्या चहाआधी मशीनमधून तिचं लॉगिन काढायचं होतं.

अंधेरी पूर्वेच्या एका औषध कारखान्यात कॉम्प्युटर विभाग मी सांभाळत असे. काचेच्या खोलीत मोठं मशीन, आज त्याला सर्व्हर म्हणतात. बाहेर तारांनी जोडलेले पडदे आणि कीबोर्ड, ती टर्मिनल्स. लॉगिन म्हणजे मशीन ज्या नावाने तुम्हाला ओळखतं ते नाव. माणूस गेल्याचं मशीनला कळत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पावसाळ्यात काविळीने गेली होती. तिचं नाव काढणं मी टाळत होते. शेवटी साहेबांनी विचारलंच.

मी बसणार तोच पूजा सुरू झाली. कारखान्यातल्या यंत्रांबरोबर आमच्या मशीनचीही व्हायची. टर्मिनलला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचा हार. हार पडला की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी कळ दाबायची नाही. एरवी आम्ही पडदे बंद करून साडेपाचला निघायचो. त्या दिवशी ते तसेच चालू राहिले आणि शिरा खाता खाता सहा वाजले.

पडद्यावर तिचं नाव उमटलं. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ: ‘झालं गं. आता घरी जा.’

ऑफिसात मला ‘गं’ म्हणणारी ती एकटीच होती.

आमची नवी ऑपरेटर दहिसरची, पण घाबरली की मालवणीवर यायची. “बाई, ती इली!”

“गप गं. मेलेलं माणूस पासवर्ड टाकत नाही.”

“मग कोणी लिहिलं?”

“तिनेच, तेव्हा कधीतरी. ठरल्या वेळी करायचं काम मशीनला सांगून ठेवता येतं. ते सांगणाऱ्याच्या नावाने चालतं.”

“आणि नाव काढलं तर?”

“काम बंद.”

“मग राहू दे ना, बाई. बिचारी कामच करतेय.”

मी तिला घरी पिटाळलं. हार बाजूला करून खात्री करायचा धीर मात्र मलाही झाला नाही.

दसऱ्याची सुट्टी होती, तरी सकाळी जाऊन खोली उघडली. तिने सांगून ठेवलेलं काम सापडलं. रोज संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवायची, म्हणजे बॅकअप. मशीन हे आपणहून करतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आदल्या दुपारी नाव काढलं असतं तर ते गुपचूप थांबलं असतं.

काम माझ्या नावावर घेतलं. ‘घरी जा’ची शेवटची ओळ गाळली. मग सुपरयूझर म्हणून आत शिरले. त्या नावाला मशीन कशालाच नाही म्हणत नाही, ‘नक्की ना?’ असंही विचारत नाही. हे ठाऊक असूनही, तिचं नाव काढायची आज्ञा टाइप करून झाल्यावर मी कोणी विचारतंय का म्हणून थांबले.

मग एंटर दाबलं आणि आत कोण कोण आहे ते मशीनला विचारलं. मी एकटीच होते.